ओकाखालची जागा

व्हर्नाने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि मेलेल्या हरणाच्या डोक्यावर बोटं दाबली. कानांच्या जरा पुढे, कातडीखाली, दोन टणक गाठी लागल्या. तिने पुन्हा चाचपलं. गाठी तिथेच होत्या.

"मादीच आहे ना, आई?" सून ट्रिनाने मागून विचारलं.

"नर आहे. शिंगं अजून कातडीतच आहेत."

गेल्या हिवाळ्यात घरच्या शेतात ट्रिनाच्या हातून असंच, मादी समजून, नर पाडस पडलं होतं, आणि व्हर्नाने वर्षभर जेवणाच्या टेबलावर तिची सालं काढली होती. मादी सहसा एकटी येत नाही. एकटं येतं ते आईपासून नुकतं तुटलेलं नर कार्टं. एवढं कळत नसेल तर बंदूक धरावी कशाला?

आज हे एकटंच आलं होतं, आणि गोळी व्हर्नाने झाडली होती.

या सरकारी राखीव रानात हरणं फार वाढली म्हणून फक्त माद्या मारायची परवानगी. नर पडला, मग त्याची शिंगं कातडीत का असेनात, की पुढच्या हंगामाचा परवाना गेला. आणि परवान्याबरोबर दलदलीकाठच्या ओकाच्या झाडाखालची जागाही. ती कुणाच्या नावावर नव्हती. व्हर्ना लग्न होऊन आल्यापासून तिथे दबा धरून बसते, म्हणून दुसरं कुणी बसत नाही, इतकंच. एक हंगाम रिकामी राहिली की शेजारचा ऑर्विल तिथे बूड टेकणार. कधीपासून टपलाय मेला.

ट्रिनाने आपला टॅग काढला, मारलेल्या जनावराच्या पायाला बांधायची शिकाऱ्याच्या नावाची चिठ्ठी.

"माझा बांधते. माझ्या हातून झालं म्हटलं तर कुणाला नवल वाटणार नाही. तुम्हीच गावभर सांगून ठेवलंय."

"टोमणा मारतेस?"

"मारते. हात काढा."

"तू काढ! माझी गोळी, माझा टॅग." व्हर्नाने गारठलेल्या बोटांनी स्वतःचा टॅग हरणाच्या पायाला आवळला. "माझं पाप अंगावर घेऊन मोठी होऊ बघतेय. दोरी धर."

तपासणीच्या चौकीवर ऑर्विल कॉफी पीत उभा होता. वनरक्षक वाकला तशी व्हर्ना म्हणाली, "चाचपू नकोस. नर आहे. मी मारलाय."

"चष्मा घरी राहिला का गं, व्हर्ना?" ऑर्विल खिदळला.

"डोळ्यांवरच होता. हस, हस. तुझं झालं असतं तर मीही हसले असते."

वनरक्षकाने तिचा परवाना काढून घेतला. तिने मान ताठ ठेवली.

गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढच्या हंगामात ओकाच्या डाव्या अंगाला बसायचं. उजवीकडचं मूळ पाठ मोडतं. वारा पश्चिमेचा असला तर जायचंच नाही, हरणांना आपला वास लागतो."

"कोण, मी?"

"मग काय ऑर्विलला सांगतेय? आणि उजाडायच्या आत पोचायचं. तो लवकर उठतो."