खळ दिलेला सूट

मी एक पांढरा सूट बोलतोय. लग्नातला नव्हे! लग्नातल्या सुटाला लोक अत्तर लावतात. माझ्याजवळ कोणी तोंडाला पावडर लावून आला तरी त्याला दारातूनच परत पाठवतात. चिप बनवायच्या खोलीत माणसं डोक्यापासून पायापर्यंत ज्यात स्वतःला गुंडाळून घेतात, तो मी. बाकीचे कपडे माणसाला धुळीपासून जपतात, मी त्या खोलीला माणसापासून जपतो. तुमच्या अंगावरून केस, कोंडा, धागे सारखे झडत असतात आणि त्यातला एक कण चिपवर पडला की ती कामातून गेली. हे ऐकून माणसांना राग येतो. येऊ द्या.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका शेडमध्ये, माजी सैनिकांना हे काम शिकवायचा वर्ग निघाला. तिथं मी वाटूरच्या निवृत्त हवालदार भुजंग काकडे यांच्या वाट्याला आलो. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या मधुवंती मॅडम आत आल्या आणि भुजंगरावांनी सवयीनं टाच आपटून सलाम ठोकला. धूळ मोजायचं यंत्र केकाटलं.

"हवालदार साहेब, इथं पाय आपटायचा नाही. मांजरासारखं चालायचं," मॅडम म्हणाल्या.

"जी मॅडम!" भुजंगराव म्हणाले आणि हळूहळू शिकलेही.

बाजारात मात्र त्यांना बियाण्यांचे व्यापारी जिनेंद्र शेठ गाठायचे. "हवालदार, त्या चिप-बिपच्या नादी कशाला लागून राह्यले? माझ्या गोदामाच्या गेटवर या. बंदूक हाये ना? बस झालं!"

शेठ माणूस वाईट नाही. पण फौजी दिसला की लोकांना गेटच का आठवतं? ज्यानं बर्फात रडार सांभाळलं, त्यानं आता ट्रकचे नंबर लिहीत बसायचं? मला याची चीड येते. भुजंगरावांनाही यायची. मला अंगावर चढवताना एकदा ते पुटपुटले, "नापास झालो तर शेठचं गेट हायेच. पन म्या न्हाई जानार."

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी नको ते केलं. सूट शेडबाहेर न्यायचा नाही, हा नियम त्यांना पाठ होता. पण चुरगळलेल्या वर्दीत परीक्षेला उभं राहणं त्यांच्या लेखी त्याहून मोठा गुन्हा! मला पिशवीत घालून घरी नेलं.

"आवो, हे असलं घालून परीक्षा देता? काय म्हनतील मॅडम?" बेबीनंदाबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या वर्दीला साबुदाण्याची खळ द्यायची, ही त्यांची जन्माची सवय. मला धुतलं, खळीत बुडवलं, वर कडक इस्त्री. मी आतल्या आत ओरडत होतो, पण सुटाचं कोण ऐकतो? मी पापडासारखा कडक झालो.

"बराबर!" भुजंगराव खूश झाले.

दुसऱ्या दिवशी चार फौजी आत गेले. भुजंगरावांनी हात उचलला आणि माझ्या अंगावरून खळीचा भुगा उडाला. यंत्र केकाटायचं थांबेना. मॅडमनी परीक्षा थांबवून सगळ्यांना बाहेर काढलं.

"कोणाच्या सुटातून?"

यंत्रच बिघडलं असेल, असं कोणीतरी कुजबुजलं. भुजंगराव गप्प राहिले असते तर खापर यंत्रावर फुटलं असतं. पण ते एक पाऊल पुढं आले, टाच न वाजवता.

"माझ्या, मॅडम. घरी नेल्ता. खळ दिली. बाकीच्यांची परीक्षा खराब करू नका."

"खळ?" मॅडमनी कपाळाला हात लावला. "नियम माहीत होता ना?"

"होता."

"मग नापास करावं लागेल."

"करा. पुन्हा देईन. काढून टाकलं तर दारात बसून राहीन, पन कोनाच्या गेटवर उभा राहनार न्हाई. फौजेत चूक लपवली की दुसऱ्याचा जीव जातो, मॅडम. म्या चुकलो, पन लपलो न्हाई."

मॅडमनी नापास केलंच. मग म्हणाल्या, "पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा बसा. आणि हा सूट खोलीबाहेरच्या भिंतीला टांगा. नव्या माणसांना याची गोष्ट तुम्हीच सांगायची."

त्यांनी सांगितली. लोक खो खो हसले, त्यांनी हसू दिलं. दुसऱ्या खेपेला मऊ, चुरगळलेला सूट घालून ते आत गेले आणि यंत्र गप्प राहिलं.

आता मी त्या खोलीत पुन्हा कधी जाणार नाही. खिळ्याला लटकलोय, बाहीची क्रीज अजून तशीच आहे. मला वाया गेलेला म्हणायचं तर म्हणा. माझं सांगणं एवढंच, की फौजी दिसला तर त्याच्यासाठी गेटवरची खुर्ची आणि काठी शोधायला धावू नका. त्याला चुकू द्या आणि पुन्हा परीक्षेला बसू द्या.

चिपच्या कारखान्यात रुजू व्हायला निघाले त्या दिवशी भुजंगराव माझ्यासमोर आले. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं, यंत्रही बंद होतं. टाच आपटली असती तरी चाललं असतं. त्यांनी पाय अलगद जुळवले आणि आवाज न करता मला सलाम केला.