कुणी बसेल का माझ्यावर?

मी या टेबलाची चौथी खुर्ची. दिसले नसेन, कारण माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा. आता मोकळी आहे, म्हणून बोलून घेते.

सुताराने आम्हा चौघींना एकाच लाकडातून घडवलं. शेवटचा हात फिरवून झाल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हत्ती बसला तरी हलणार नाही." हत्ती सोडाच, या घरात माझ्यावर माणूसही बसेना. एक खुर्ची बाबांनी धरली, एक आजीने. तिसरीवर छोटीला पट्ट्याने अडकवायचे. मी आईची. आणि आई ओट्याशी उभ्याउभ्या जेवायची. एका हातात फोन, दुसऱ्या हातात छोटीने चिवडलेली वाटी. कधीकधी वाटायचं, माझ्यातच काही खोट असेल. पाठ फार ताठ आहे का माझी? की चेहराच तसा आहे?

मग आईच्या पोटात जळजळ सुरू झाली. डॉक्टरबाईंकडून ती तोंड पाडून परत आली.

"काय म्हणाल्या गं?" आजीने विचारलं.

"औषध दिलंच नाही हो आई. म्हणाल्या, महिनाभर बसून, चावून, लक्ष देऊन जेवा. फरक नाही पडला तर नळी घालून पोट बघू."

"मग बस की!"

"तेच तर जमत नाही ना!"

त्या संध्याकाळी कपडे सोफ्यावर गेले आणि आई माझ्यावर बसली. अहाहा! पण माझं अहाहा पुरं होईपर्यंत ती उठलीसुद्धा. पाणी राहिलं होतं. बसली. छोटीचा चमचा पडला, उठली. बसली. फोन वाजला, उठली. माझा एखादा खिळा वर आलाय की काय, याच काळजीत मी.

दुसऱ्या दिवशी छोटीने गाऊनचा पट्टा आणला आणि आईला माझ्याशी बांधून टाकलं. "संपेपर्यंत उठायचं नाही," ती अगदी आईच्याच आवाजात म्हणाली.

तेवढ्यात दूध उतू गेलं. आई धावली. आणि मीही! बांधलेली होते ना. चारी पाय हवेत, दाराला आपटत आम्ही दोघी स्वयंपाकघरात. माझा जन्मातला पहिला प्रवास!

"अगं, त्या खुर्चीला तरी सुखाने जेवू दे!" आजीला हसू आवरेना.

बाबांनी गॅस बंद केला, आम्हाला धरून टेबलाशी आणलं. "आता मी उठतो. तू फक्त चाव."

आईने घास घेतला. चावला. थांबली. पुन्हा चावला.

"भाजीत मीठ नाहीये."

तिने आणखी एक घास चावून पाहिला.

"काल होतं का?"

बाबा ताटात बघायला लागले. आजीने मांडीवर लपवलेली मिठाची डबी हळूच वर ठेवली. "कालही नव्हतं, बाळा. तू आलीस तेव्हापासून नाही. आम्हाला वाटलं, तुझ्या माहेरी असंच खात असतील."

आई इतकी हसली की माझे सांधे करकरले. मग तिने मीठ घेतलं आणि सावकाश जेवली. ताटात थोडं उरलेलं असतानाच थांबून आश्चर्याने म्हणाली, "अय्या, पोट भरलं!"

महिना संपत आलाय. जळजळ गेली, नळीचं नाव कुणी काढत नाही. आई अजून मध्येच अर्धी उठते, पण तिची तीच परत टेकते.

तुमच्याही घरी एखादी उभ्याने जेवत असेल. तिला बसवा. आणि एकदा बसली, की कृपा करून पाणी तुमचं तुम्ही घ्या.