चुळबुळीचा आकडा हलेना

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, पण माझ्यात बसायला जागा शोधू नका. मला वल्ही नाहीत, नावाडी नाही. माझं सुकाणू माझ्यामागून येणाऱ्या युद्धनौकेवर, एका पडद्यासमोर बसलेल्या ताईच्या बोटांत असायचं. मला चालवणारी हीच. तिनेच माझं नाव चुळबुळी ठेवलं, कारण धक्क्याला बांधली तरी मी दोराला हिसके देत राहायचे.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्या पोटाला एक वाटोळी चकती बसवली. तो माझा कान. मी पाण्यात टक् असा आवाज सोडते, तो तळाला आपटून परत येतो, आणि पाणी किती खोल आहे ते ताईच्या पडद्यावर उमटतं. खोल समुद्रात युद्धनौकेची ऐट बघावी! उथळ पाण्यात मात्र ती जीव मुठीत धरून चालते. ओहोटीच्या वेळी वाळूत रुतली, तर खालचं पाणी निघून जातं, ती कलंडते, आणि आतल्या माणसांचं काही खरं नसतं. म्हणून तिथे मी पुढे आणि ती मागे. एवढीशी मी, आणि ते धूड माझ्यामागून गुपचूप यायचं. मला याचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

लाटांवर मी सारखी वर-खाली व्हायचे, त्यामुळे माझा आकडाही पडद्यावर सारखा नाचायचा. कप्तानसाहेब वैतागायचे. "तुमच्या चुळबुळीला जरा स्वस्थ बसायला शिकवा हो!" ताई नुसती हसायची.

एकदा मोठ्या साहेबांची पाहणी ठरली आणि धक्क्यावर धांदल उडाली. दिसेल त्याला रंग! रंगारीकाका म्हणजे मनाने सोनं. त्यांनी मला गाड्यावर चढवून घासलं, पुसलं आणि अंगभर करडा रंग दिला. चकती त्यांना काळवंडलेली वाटली, म्हणून तिच्यावर दोन हात जास्तच मारले. "आता कशी दिसतेस बघ!" ते म्हणाले. काका, तो माझा कान आहे, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठे होतं? पाहणीत सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी आतल्या आत तडफडत राहिले.

पाहणी संपते न संपते तोच निरोप आला. खाडीच्या मुखाशी एक प्रवासी बोट बंद पडून वाहत चालली होती. आम्ही निघालो. ओहोटी लागली होती. सुरुवातीला माझा आवाज कसाबसा एकदा परत आला. नंतरचे सगळे रंगाच्या थरातच जिरले. पडद्यावर तो पहिलाच आकडा बसून राहिला, भरपूर खोलीचा. मागून इंजिनांची धडधड जवळ येत होती. वळून सांगावं, तर कसं सांगू?

जहाजावर काय झालं ते पुढे ताई रंगारीकाकांना सांगत होती, तेव्हा मी ऐकलं.

"साहेब, जहाज थांबवा," ताई कप्तानसाहेबांना म्हणाली.

"का? पाणी तर चांगलं खोल आहे."

"आकडा चांगला आहे, पण हलत नाहीये. ही पोरगी कधी एका जागी राहिलीय का? तिला काहीतरी झालंय."

"अहो, तिकडे माणसं वाहून चाललीत!"

"म्हणूनच म्हणतेय, साहेब. आपणच रुतलो तर त्यांना कोण ओढणार?"

जहाज थांबलं. ताईने मला एकटीला पुढे काढलं आणि थोड्याच अंतरावर माझं पोट खर्रकन वाळूवर चढलं. मग जहाजाने आपली छोटी बोट सोडली, प्रवासी बोटीला दोर लावला आणि सगळ्यांना सुखरूप ओढून आणलं. भरती येईपर्यंत मी तिथेच कलून पडले होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला न हलण्याचं दुःख झालं नाही.

परत आल्यावर रंगारीकाका माझ्या चकतीवरचा रंग नखाने खरवडत बसले. "मला वाटलं, पोरीला सजवतोय," ते पुटपुटले.

"सजवा की, काका. पण आधी तिचा कान झाका," ताई म्हणाली. तेव्हापासून रंगाआधी चकतीवर कागद चिकटवायचा, हा काकांचा नेमच झाला.

पुढे नव्या होड्या आल्या. ताईची बदली झाली. मला शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं आणि दोर गच्च आवळले. समुद्राचा आवाज इथवर येतो. जीव खाली-वर होतो, अंग मात्र हलत नाही. काका अधूनमधून येतात, ताडपत्री वर करून चकतीवरची धूळ अंगठ्याने पुसतात. बाकीचे जाता जाता म्हणतात, "किती शांत झाली ही!"

मित्रांनो, वस्तू नुसती चकचकीत ठेवली म्हणजे जपली असं होत नाही. ती कशाने ऐकते, कशाने चालते, ते आधी बघा. आणि तुमच्या घरात, वर्गात माझ्यासारखं कुणी चुळबुळं असेल आणि एक दिवस अचानक गप्प बसलं, तर "शहाणं झालं" म्हणून पुढे जाऊ नका. ताईसारखे थांबा, जवळ जाऊन विचारा.

मलाही विचारा. मी शांत झालेली नाही, मित्रांनो. मला फक्त घट्ट बांधलंय.