न सांगितलेला ताप

हनमकोंड्यातल्या मुलींच्या शाळेत स्रवंती कबड्डी शिकवायची, पण दोन वर्षं मैदानाच्या कडेला खुर्चीत बसूनच शिट्टी वाजवत होती. तिच्या आतड्याला जखमा होत. डॉक्टर त्या आजाराला क्रोन्स म्हणत. खाल्लं की पोटात पीळ पडे, रक्त जाई, संडास जवळ नसेल तिथे जायची सोय नव्हती. स्टेरॉइडनं चेहरा सुजला, आतड्याचा एक तुकडाही काढून झाला. शेवटी हैदराबादच्या डॉक्टर पद्मजांनी बायोलॉजिक औषध सुरू केलं. ते सलाईनमधून सावकाश द्यायचं.

"तुझीच प्रतिकारशक्ती तुझ्या आतड्यावर उठलीय. हे औषध तिला आवरतं," त्या म्हणाल्या होत्या. "पण अंगात लपलेल्या टीबीला दाबून ठेवते तीही तीच प्रतिकारशक्ती. तपासण्या स्वच्छ आहेत, तरी ताप आला तर लगेच फोन कर. अंगावर काढायचं नाही."

दुसऱ्या सलाईननंतर पोट निवलं. एका दुपारी तिनं गरम भातावर पप्पू म्हणजे तुरीचं वरण, तूप आणि आवकाय हे कैरीचं झणझणीत लोणचं वाढून घेतलं.

"बेतानं गं," अम्मा म्हणाली.

"दोन वर्षांचं सगळं आजच नाही खात, अम्मा. उद्याला ठेवलंय थोडं."

पुढं ती मैदानात उतरली. मुली तिला हळूच पकडायला लागल्या तेव्हा चिडली आणि तिघींना ओढत रेषेपार गेली.

त्यानंतर दिवेलागणीला अंग तापू लागलं. ती गुपचूप तापाची गोळी घ्यायची. अम्मानं विचारलं, "एवढा घाम कसला?"

"खेळून आलेय ना."

ताप सांगितला की औषध बंद, एवढंच तिला दिसत होतं. पुन्हा ती खुर्ची, पुन्हा संडासाची शोधाशोध. तिसऱ्या सलाईनला जाताना तिनं बसमध्येच गोळी गिळली.

"ताप, खोकला काही?" नर्सनं विचारलं.

"काही नाही."

थर्मामीटरनंही तेच सांगितलं. सुई टोचली, औषध थेंबाथेंबानं उतरू लागलं. तिला एकदम भीती वाटली. अजून सांगता आलं असतं. तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले.

मग एका सकाळी ती मैदानातच कोसळली. टीबी फुप्फुसात आणि पोटात पसरला होता. बायोलॉजिक थांबवलं, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. पण औषधाचा आवर सुटल्यावर आतडं पुन्हा पेटलं आणि फुटलं. तातडीनं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा पोटावर मळ गोळा करायची पिशवी चिकटवलेली होती.

"ताप कधीपासून होता?" डॉक्टर पद्मजांनी विचारलं.

"तिसऱ्या सलाईनच्या आधीपासून. सांगितलं असतं तर तुम्ही औषध बंद केलं असतं."

"थांबवलं असतं, स्रवंती. टीबी आटोक्यात आणून बहुतेक परत दिलं असतं. कायमचं बंद कोण म्हणालं तुला?"

कोणीच म्हणालं नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं.

"आता मिळेल?"

"आधी यातून बाहेर ये. मग बघू."

शाळेनं दुसरी बाई नेमली. घरी पिशवी रिकामी करायला अम्मा पुढं झाली की स्रवंती तिचा हात बाजूला सारी. अम्मानं पेज भरवली, तिनं दोन घास घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"अजून एक घे," अम्मा म्हणाली.

स्रवंतीनं चादर तोंडावर ओढली. अम्मा वाटी धरून तिथंच बसून राहिली.