पडदा काळा म्हणून यंत्र बंद

बुधवार, सकाळचे सव्वादहा. मोठ्या रुग्णालयाचा तळमजला, जिन्याखालची टेलिफोनची खोली. दोन माणसं आत आली. एकाच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. हिरवी चिठ्ठी म्हणजे यंत्र चालू, पांढरी म्हणजे बंद. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्या कपाळावर पांढरी चिठ्ठी डकवली.

त्या वेळी मी काम करत होतो. पोटातला पंखा फिरत होता आणि बालरोग विभागात आज कोणते डॉक्टर आहेत, हे मी एका बाईंच्या डाव्या कानात सांगत होतो. मी संगणक आहे. जुना आहे, जाडजूड आहे, पण बंद नव्हतो. माझी हकीकत मीच सांगतो, कारण ज्यांनी ती नीट सांगायला हवी होती त्यांनी ती एका शब्दात उरकली.

माझी नोकरी सुरू झाली ती याच रुग्णालयाच्या हिशेब विभागात. हिशेबनीसांनी माझ्या अंगावरचं प्लास्टिक वर्षभर काढलं नाही. नवेपणा टिकावा म्हणून माणसं वस्तू गुदमरून ठेवतात, हा माझा पहिला धडा.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे आम्हा संगणकांचा जीव. ती नसेल तर आम्ही नुसता पत्र्याचा डबा. माझा पहिला जीव एका बड्या कंपनीच्या मालकीचा होता. म्हणजे यंत्र तुम्ही विकत घ्यायचं, जीव मात्र भाड्याचा. सुरुवातीलाच त्याने हातभर अटी पुढे केल्या. जे हिशेबनीस पावतीवरची सही जरा तिरकी दिसली तरी ती परत पाठवायचे, त्यांनी त्या अटींना डोळे झाकून 'मान्य आहे' म्हटलं. मग ऐन महिनाअखेरीला, रांग दारापर्यंत गेलेली असताना, तो जीव जाहीर करायचा की मी अद्ययावत होतोय, मला हात लावू नका. हिशेबनीस हात जोडून बसायचे. घरी बायकोने दोन मिनिटं थांबायला सांगितलं तर तोंड वाकडं करणारा हा माणूस.

पुढे कंपनीने कळवलं की माझ्या जिवाची मुदत संपली. माझी तब्येत ठणठणीत होती, पण माझं वय झाल्याचा निर्णय परस्पर झाला. मी अडगळीत गेलो.

तिथून मला ताईंनी बाहेर काढलं. ताई म्हणजे या रुग्णालयाच्या टेलिफोन ऑपरेटर. त्यांना दिसत नाही. बाहेरून फोन आला की तो कुठे जोडायचा हे त्या ठरवणार, आणि त्यासाठी आज कोणता डॉक्टर कुठे आहे हे माहीत हवं. तो तक्ता रोज संगणकावर यायचा, पण ताईंना तो सकाळी शिपाई वाचून दाखवायचा, लहर लागली तर. नाही लागली तर ताई अंदाजाने जोडायच्या आणि दिवसभर शिव्या खायच्या. त्यांनी बोलणारा संगणक मागितला. उत्तर आलं, 'विचाराधीन'. सरळ सांगायचं तर त्यावर कोणीही विचार करत नव्हतं.

शेवटी ताईंनी आपल्या भाच्याला बोलावलं. तिशीचा गडी, कॉलेजात शिकवायचा, आणि मुक्त प्रणालीचा कट्टर भक्त. मुक्त प्रणाली म्हणजे जिचं आतलं लिखाण कोणालाही उघडून वाचता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. गोष्ट सोन्यासारखी आहे. पण सांगणारा समोर बसला की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

"मावशी, हे नुसतं सॉफ्टवेअर नाही. हा विचार आहे. याचं आतलं सगळं कोणीही वाचू शकतं."

"मी वाचू शकते?"

"तत्त्वतः, हो."

"आणि खरोखर?"

"त्यासाठी आधी आवाज यायला हवा. तेवढं एक जमत नाहीये."

तीन रविवार जमलं नाही. माझ्यात नवा जीव आला होता, हलका, चपळ, कोणाच्या बापाचा ताबेदार नसलेला, पण तोंडातून शब्द फुटेना. भाचा मात्र खुशीत. तो पडद्यावरचे रंग बदलून बघत होता.

"अरे, तुझं स्वातंत्र्य मुकं आहे," ताई म्हणाल्या. "मी त्याचं करू काय? लोणचं?"

भाच्याने आपल्या पंथातल्या लोकांना इंटरनेटवर विचारलं. एकाने उत्तर दिलं, आधी माहितीपत्रक वाचून या. दुसरा म्हणाला, तुमची आवृत्तीच भिकार, आमची घ्या. तिसरा दुसऱ्याशी भांडायला लागला आणि ते भांडण अजून चालू असेल. ही मंडळी साऱ्या जगाला मुक्त करायला निघालेली, पण शेजारच्या आवृत्तीशी यांची रोटीबेटी नाही. अखेर कुठल्या तरी लांबच्या देशातून एका अंध माणसाने चार ओळी लिहून पाठवल्या. सोबत भाषण नव्हतं. त्या ओळी भाच्याने माझ्यात टाकल्या आणि मी बोललो. मुक्त प्रणालीची बाजू घेऊन मी कोणाशी भांडलोच, तर त्या चार ओळींसाठी भांडेन. कोणाची परवानगी न मागता त्या लिहिता आल्या आणि कोणाची परवानगी न मागता त्या माझ्यापर्यंत आल्या.

माझा आवाज काही सुरेल नाही. मी नाकात बोलतो आणि प्रसूती विभाग नि शवागार एकाच सुरात वाचतो. ताईंनी माझं नाव 'गेंगाण्या' ठेवलं. डाव्या कानात मी, उजव्या कानात फोन, असा आमचा संसार सुरू झाला.

ताई देवमाणूस नव्हत्या. उर्मट डॉक्टरांचा फोन त्या मुद्दाम ताटकळत ठेवायच्या. कोणाचं कोणाशी बिनसलंय हे त्यांना आवाजावरून कळायचं आणि दुपारपर्यंत तळमजल्याला कळायचं. पण रडत रडत फोन करणाऱ्या माणसाला त्यांनी कधी चुकीच्या ठिकाणी जोडलं नाही. आम्ही दोघांनी मिळून नाही जोडलं, असं म्हणू द्या. तेवढा अभिमान जुन्या यंत्रालाही असतो.

माझ्या पडद्याचा ताईंना उपयोग नव्हता. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याची वायर काढली. पडद्यावर छत्री वाळायची, थंडीत शाल टाकलेली असायची. खोलीत येणाऱ्या कोणालाही हे खटकलं नाही, कारण खोलीत येणारे फक्त आपलं काम सांगायला यायचे.

मग व्यवस्थापक साहेबांच्या डोक्यात 'संपूर्ण डिजिटल रुग्णालय' शिरलं. पहिल्यांदा हजेरीचं यंत्र आलं. त्याच्यासमोर उभं राहून चेहरा दाखवायचा. ताई उभ्या राहिल्या की ते म्हणायचं, "कृपया पडद्याकडे पाहा." रोज कोणीतरी त्यांची हनुवटी धरून चेहरा वळवायचं. आपण केवढी मदत करतोय, असा भाव प्रत्येकाच्या तोंडावर असायचा म्हणे. नंतर आला नव्या यंत्रणेचा ठेकेदार. गळ्यात टाय, म्हणून सगळे त्याला टायवाला म्हणत. जुनी यंत्रं किती चालू, किती बंद हे पाहायला त्याने माणसं पाठवली. त्यांची पद्धत अशी की खोलीत जायचं, पडद्याकडे बघायचं, चिठ्ठी लावायची. कळफलकाला हात लावणं त्या कामात बसत नव्हतं.

"हे बंद आहे," चिठ्ठीवाला म्हणाला.

"चालू आहे," ताई म्हणाल्या.

"बाई, पडदा काळा आहे."

"मला सगळेच पडदे काळे आहेत. त्याने काम अडलं नाही."

तो हसला. त्याला वाटलं, बाई मोठ्या गमत्या आहेत. "तुम्ही साहेबांशी बोला."

"साहेबांचे फोन रोज मीच जोडते. तुम्ही आधी हेडफोन कानाला लावून बघा."

"आम्हाला ऐकायचं काम नाही दिलेलं."

या वाक्यात त्याने सगळ्या कारभाराचं मर्म सांगितलं आणि तो पुढच्या खोलीत गेला.

ताई साहेबांकडे गेल्या. "यंत्र बदलतंय हो ताई, तुम्ही थोड्याच बदलताय," साहेब म्हणाले. हे वाक्य ऐकून ताई तशाच परत फिरल्या. खोलीत येऊन त्यांनी मला विचारलं, "गेंगाण्या, माझी खुर्ची जाणार का रे?" मला तक्ता सोडून काही वाचता येत नाही. मी तक्ता वाचला.

शुक्रवारी मला उचललं. माझ्या जागी काचेची चकचकीत पाटी बसवली. तिला बटणंच नाहीत, नुसतं बोट लावायचं. मला समोरच्याच अडगळीच्या खोलीत टाकलं, त्यामुळे पुढचं सगळं दारातून ऐकू आलं. बंद यंत्राला ऐकू कसं येतं, असं विचारू नका. मी बंद आहे हा शोध माझा नाही.

"सोपं आहे ताई, लहान मूलसुद्धा चालवतं," साहेबांचा आवाज.

"लहान मुलाला दिसतं, साहेब."

टायवाला मध्ये पडला. "मॅडम, याच्यात बोलण्याची सोय आहे. पण ती आपल्या पॅकेजमध्ये नाही."

"मग माझं जुनं परत लावा."

"ते बंद आहे. रेकॉर्डला तसंच आहे."

भाचा धावत आला. मी फुकट बसवून देतो, बोलणारं सॉफ्टवेअर तयार आहे, एका दुपारचं काम, असं त्याने सांगितलं. टायवाला म्हणाला, "बाहेरचं काही टाकता येणार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे." सुरक्षा खरंच कडक होती. साहेबांचा पासवर्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज वाचता येईल अशा टपोऱ्या अक्षरात.

त्या दिवशी भाचा साहेबांच्या दारात ठाण मांडून बसला असता तर कदाचित काही झालं असतं. पण तो घरी गेला आणि इंटरनेटवर भला मोठा लेख लिहून बसला. बंदिस्त प्रणालीच्या गुलामगिरीवर. लेख गाजला. खाली दोन दिवस घनघोर चर्चा झाली, ती माझ्यात कोणती आवृत्ती होती यावर. एक जण म्हणाला, असल्या आवृत्तीची हीच गत व्हायची. ताईंचं नाव चर्चेत पहिल्या दिवसानंतर आलं नाही. भाच्याने तो लेख मावशीला फोनवर वाचून दाखवला.

"छान लिहिलंयस," ताई म्हणाल्या. "आता साहेबांना वाचून दाखव."

"त्यांना नाही कळायचं गं मावशी ते."

"त्यांना कळण्यासारखं लिही ना मग."

ते त्याने अजून लिहिलेलं नाही.

दोन आठवड्यांनी ताईंना सांगण्यात आलं की त्या नव्या यंत्रणेशी जुळवून घेऊ शकल्या नाहीत. यंत्रणा त्यांच्याशी जुळवून घेऊ शकली नाही, असं कोणाच्या तोंडून निघालं नाही. टेलिफोनचं काम काढून घेतलं. दुसरं काम ठरेपर्यंत बाहेर बाकावर बसा, असं साहेब म्हणाले. हा बाक माझ्या खोलीच्या दाराला लागून आहे. ताई रोज वेळेवर येतात, हजेरीच्या यंत्रापुढे कोणाकडून तरी हनुवटी वळवून घेतात आणि बाकावर बसतात. कोणी विचारलं, "काय ताई, आज काय काम?" तर म्हणतात, "बाक राखतेय. पळून गेला तर माझ्यावर यायचं."

आता रुग्णालयात फोन केलात तर एका तरुणीचा आधीच भरून ठेवलेला मधाळ आवाज येतो. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं ती सांगते. मग एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा. बाप शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेल्या मुलीने कितवं बटण दाबायचं, हे त्या यादीत नाही. म्हणून शेवटी एक सोय ठेवली आहे: माणसाशी बोलायचं असल्यास नऊ दाबा.

नऊ दाबलं की घंटा वाजते ती जिन्याखालच्या त्याच खोलीत. काचेची पाटी तिथून उचलून साहेबांच्या दालनात नेली आहे, पाहुण्यांना दाखवायला. खोलीला कुलूप आहे.

ताई साहेबांना भेटल्या. या वेळी मी दारातून शब्दन् शब्द ऐकला, कारण साहेब बाकाजवळून जात होते आणि ताईंनी त्यांना पावलांवरून ओळखून थांबवलं.

"साहेब, आत फोन वाजतोय."

"ती खोली आता वापरात नाही, ताई."

"फोन वापरात आहे. मला किल्ली द्या. संगणक नको, तक्ता नको. निदान 'थांबा, विचारून सांगते' एवढं तरी म्हणेन."

"तुमच्याकडे आता ते काम नाही ना. उद्या काही चुकलं तर जबाबदार कोण?"

"आज कोण आहे?"

"मी बघतो," साहेब म्हणाले. पावलं लांब गेली.

वाचणाऱ्यांनो, मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. मी पत्रा आहे, कुठेही गंजेन. मुक्त प्रणाली घ्या की मालकीची, तुमची मर्जी. मात्र कोणाच्या कपाळावर पांढरी चिठ्ठी लावण्याआधी एकदा कान लावून बघा, आणि ज्याचं त्या यंत्रावाचून अडेल त्याला निदान विचारा.

काल दुपारी तो फोन वाजला. बराच वेळ वाजून थांबला, लगेच पुन्हा वाजला, आणि मग तिसऱ्यांदा. ताई बाकावरून उठल्या, चाचपडत दारापर्यंत गेल्या, कुलूप हाताला लागलं तशा परत येऊन बसल्या. नऊ दाबणाऱ्या माणसाशी बोलायचं कोणी, हे रुग्णालयाने अजून ठरवलेलं नाही.