बघण्याजोगी जखम

आत्याच्या खोलीत एक खाट, दोन खुर्च्या, एक दिवा आणि नऊ माणसं होती. त्यातल्या आठ जणांचे डोळे ठणठणीत होते, आणि ते सगळे आत्याच्या उजव्या डोळ्याकडे लागले होते.

आत्याची लाँड्री आहे. कॉस्टिक सोडा उजव्या डोळ्यात उडाला आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळपेशी जळून गेल्या. बुबुळावरचा पारदर्शक थर सतत झिजत असतो, तो भरून काढायचं काम या पेशींचं. त्या गेल्या की साधा ओरखडाही बुजत नाही. आणि डावा डोळा तिचा लहानपणापासून अधू.

"उजवा गेला तर कपड्यावरचे डाग कोण बघणार? दुकानच विकावं लागेल," आत्या म्हणाली होती.

शेवटी ज्या डोळ्याला ती आयुष्यभर बिनकामाचा म्हणत आली, त्याच्याच कडेचा बारीक तुकडा काढला. त्यातल्या पेशी मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत वाढवल्या, आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी उजव्यावर लावल्या आणि वर संरक्षणाला मऊ लेन्स बसवली. आता त्या लेन्सला हात न लावणं, एवढाच उपचार उरला होता.

नेमकं तेवढंच आमच्या इस्पितळाला जमेना. विभागातली ही पहिलीच केस. आल्यागेल्याला ती दाखवल्याशिवाय मोठ्या डॉक्टरांना चैन पडत नसे. दाखवायची म्हणजे लेन्स काढायची, पिवळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि निळा दिवा धरायचा. जिथे थर नसेल तिथे हिरवं चमकतं.

"काय दिसतंय, डॉक्टरसाहेब?" आत्याने विचारलं.

"हिरवं."

"हिरवं म्हणजे चांगलं की वाईट?"

"हिरवं म्हणजे जखम. पण फार सुरेख हिरवं आहे."

पाहुण्यांनी "वा" म्हटलं.

जखम पाच मिलिमीटरवरून चारवर आली होती. विश्वस्त बघून गेले, पुन्हा पाच झाली. विद्यार्थ्यांची तुकडी येऊन गेली, सहा झाली.

"सर, लेन्स काढताना नवा थर सोलून निघतोय," मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं.

"पेशी तुमच्या लॅबच्या," ते म्हणाले. "चिकाटी कमी पडतेय त्यांची."

मग बैठक झाली. जखम भरत नाही यावर एकमत झालं आणि ती का भरत नाही हे कळावं म्हणून लेन्स रोज सकाळ-संध्याकाळ काढून बघायचं ठरलं.

"का गं, तुझ्या पेशी लाजाळू आहेत का?" आत्या मला म्हणाली. "माणसं दिसली की पळ काढतात."

"त्यांना झाकून ठेवायला हवं, आत्या."

"मग झाक की. माझं तोंड काय बघत बसलीस?"

मी पुन्हा मोठ्या डॉक्टरांकडे गेले. या वेळी 'बघू नका' असं म्हटलंच नाही.

"सर, थोडे दिवस पापण्या शिवून टाकल्या तर? आपल्या विभागात हे अजून कुणी केलेलं नाही."

त्यांनी मान वर केली. "कुणीच नाही?"

"कुणीच नाही. टाक्यांचे फोटोही चांगले येतील."

पापण्या दुसऱ्याच दिवशी शिवल्या गेल्या.

पाहुण्यांचा ओघ काही आटला नाही. मोठे डॉक्टर आता मिटलेल्या पापणीवर दिवा धरून सांगत, "आत उत्तम चाललंय." पाहुणे वाकून बघत आणि माना डोलावत. आतली प्रगती स्पष्ट जाणवते, असं एका विश्वस्तांनी बोलूनही दाखवलं.

"यांना आत्ता कुठे नीट दिसायला लागलं," आत्या पडल्या पडल्या मला म्हणाली.

टाके काढायच्या दिवशी खोलीत पुन्हा आठ जण जमले. पिवळा थेंब पडला, निळा दिवा लागला, सगळे वाकले.

"काहीच दिसत नाही," ते विश्वस्त हिरमुसून म्हणाले.

दुकानाचं काय होणार, हे आत्याने त्यांना विचारलं नाही. ती उठून बसली आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचू लागली.

मी केसपेपरवर लिहिलं: हिरवा भाग शून्य मिलिमीटर. उजवा डोळा, तक्त्याच्या सात ओळींपैकी सहावी.