भिंतीत मिटणारा पलंग

घर दीड खोलीचं, पण नवऱ्याच्या हिशेबी ते तीन खोल्यांचं होतं. भिंतीत मिटणारा पलंग, पलंगाच्या पाठीवर उघडणारं जेवणाचं टेबल, बाकड्याच्या पोटात कपड्यांचं कपाट. लोकांच्या घरांची आतली मांडणी करून देणं हा त्याचा धंदा, आणि गिऱ्हाइकांना दाखवायला स्वतःच्या घरासारखा नमुना कुठला? म्हणून दर रविवारी बायकोला आणि आईला लवकर उठून घर आवरावं लागे, दुकान मांडावं तसं.

सासू-सुनेचं वैर नव्हतं. भांडायलाही चार पावलं मागे सरावं लागतं, तेवढी जागा होती कुठे? "आई, जरा पाय घेता?" सून म्हणे. "घेते गं बाई, पण ठेवू कुठे?" सासूबाई म्हणत. दोघी हसत. पण सुनेला रडू आलं, तर बाथरूम रिकामं व्हायची वाट बघावी लागे, आणि तिथंही बाहेरून कोणी तरी विचारणारच, "किती वेळ?"

त्या रविवारी आठ-दहा माणसं आली. एक नवं जोडपं, एक निवृत्त मास्तर आणि त्यांचं कुटुंब, ज्यांच्या पोरीचं लग्न ठरलंय असे एक जाडजूड गृहस्थ. बूट दाराबाहेर, माणसं आत. सासूबाई बाकड्याच्या टोकाला अंग चोरून बसल्या आणि सून ओट्याला पाठ लावून उभी राहिली. अनोळखी माणसांचे खांदे तिच्या खांद्याला लागत होते, आणि नवरा हातवारे करून सांगत होता, "बघा, एवढ्या माणसांतही गर्दी वाटते का?"

मग त्याने दार लावून घेतलं. पलंग खाली आला की दार उघडत नाही, एवढी एकच खोट त्या घराला होती आणि ती तो हसत सांगत असे, "रात्री चोर यायची भीती नाही!"

त्याने कळ दाबली. माणसं भिंतींना चिकटली, पलंग अलगद खाली आला. "बसा, बसून बघा," तो गृहस्थांना म्हणाला. गृहस्थ बसले, त्यांच्या शेजारी मास्तर बसले. आत कुठे तरी कट्ट झालं.

पलंग वर जाईना. नवऱ्याने कळ दाबली, हाताने उचलून पाहिलं, दोघा-तिघांनी खांदा लावला. पलंगाचं एक टोक दाराला असं टेकून बसलं होतं की फटीतून पोस्टकार्डही सरकलं नसतं. अवजारांचा खण पलंगाखाली, आणि खिडकीला जाळी.

"दोन मिनिटं," नवरा म्हणाला. "बिजागरी अडकलीय. तोवर तुम्हाला बाकड्यातलं कपाट दाखवतो."

"कपाट राहू द्या हो," मास्तर म्हणाले, "आधी दार दाखवा."

कुणी तरी हसलं, मग हसू विरलं. श्वासांनी खोली तापली. नव्या जोडप्यातली मुलगी ओढणीने वारा घेत होती. एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत, दुसऱ्याचा पाय तिसऱ्याच्या पायावर, आणि प्रत्येक जण "सॉरी, सॉरी" म्हणत जागच्या जागी वळवळत होता. सुनेची नजर सासूबाईंकडे गेली. त्यांच्या पुढ्यात गृहस्थांची पाठ होती, भिंतीसारखी. त्या पाठीआडून बारीक आवाज आला, "सूनबाई, मला बाहेर जायचंय गं."

"आई, थोडा दम धरा," नवरा म्हणाला.

"धरलाय रे. या घरात आल्यापासून तीन वर्षं धरलाय." त्यांचा आवाज चिरकला. "आता धरवत नाही तो."

सुनेने ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला. "सरका," ती म्हणाली. कुणाला सरकायला जागा नव्हती, तरी माणसं सरकली. ती गुडघ्यांवर पलंगावर चढली.

"अगं, काय करतेस? तो नमुना आहे!"

"नमुना असू दे नाही तर अजून काही. मला दार हवंय."

दाराकडच्या टोकावर घातलेला पहिला घाव फुकट गेला. दुसऱ्याला वरचा पापुद्रा सुटला, आतला भुसा दिसला. मग गृहस्थांनी तुटक्या फळीला हात घातला, मास्तरांनी ओढली. फळी कडाडून मोडली, दार हातभर उघडलं आणि जिन्यातली हवा आत आली. आधी सासूबाईंना बाहेर काढलं. त्या पायरीवर बसल्या आणि कुणाकडेही न बघता लहान पोरासारख्या रडल्या.

माणसं बूट शोधत पांगली. जाता जाता गृहस्थ नवऱ्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "बिजागरी जरा मजबूत घाला. जावयाचं घरही एवढंच आहे, दुसरा इलाज नाही."

नवऱ्याचा चेहरा उजळला. खिशातली मापाची टेप काढून तो आत गेला. "अगं, हे टोक धर जरा. या वेळी दाराला चार बोटं मोकळी सोडतो."

ती सासूबाईंशेजारी पायरीवर बसली होती. उठली नाही. "मी नाही धरणार," ती म्हणाली. "आणि रविवारी इथे कुणी येणार नाही."

"मग खायचं काय?"

सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. नवऱ्याने टेपचं टोक पायाखाली दाबलं आणि एकट्यानेच खोली मोजायला सुरुवात केली.